राईनपाड्याची अफवा कोणत्या कलमात बसते?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती.

द्वेष पसरवणाऱ्या बोलण्यावर कायद्याने बंदी असावी का, ही आपली चर्चा पुढाऱ्यांच्या भाषणांभोवतीच घुटमळते. खानदेशात ती राईनपाड्यापासून सुरू व्हायला हवी. तेव्हाचं भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ, आताचं भारतीय न्याय संहितेचं १९६, धर्म, जात, भाषा यांवरून वैर पेटवणाऱ्याला धरतं. या अफवेत ना धर्म होता, ना जात. रोख फक्त अनोळखी माणसावर होता. पण गावोगाव हिंडून पोट भरणारा प्रत्येक गावाला अनोळखीच! भटक्यांकडे चोर म्हणून बघायची नजर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पक्की केली. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय आधी त्यांच्यावरच येतो.

अफवेसाठी दंड संहितेचं कलम ५०५ होतंच, पण ते हेतू बघायचं. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, लगेच परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला आणि नुसती पळवापळवी उरली. पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना लेकरांची खरीच काळजी असणार. त्यांना तुरुंगात डांबून काय साधणार? कापणाऱ्याला मात्र हुडकून काढलंच पाहिजे.

बंदी हवीच, पण ती माणसाच्या जिवावर उठणाऱ्या शब्दांपुरती. भावना दुखावल्या म्हणून नको. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या मतापायी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ लावून अटक झाली. सैल शब्दांचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, ते योग्यच झालं.

राईनपाड्यानंतर पंधरवड्याने, १७ जुलैला, याच न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमून चिथावणीच्या संदेशांवर नजर ठेवायला सांगितलं. धुळे-जळगावात हे काम बाजार भरण्याआधी व्हायला हवं: अफवा खोटी असल्याची दवंडी अहिराणीत आणि भिलीत, पाड्यापाड्यावर, पोलीस पाटलाच्या तोंडून. आणि भिक्षेकरी गावात शिरला की त्याच्या आगमनाची नोंद त्याला संशयित ठरवण्यासाठी नव्हे, तर त्याच्या संरक्षणासाठी व्हावी.