टोरंटोचे वार्तापत्र : न सांगणे हा गुन्हा केव्हा?

कॅनडाच्या फौजदारी संहितेत एचआयव्हीसाठी वेगळे कलम नाही. तरीही या विषाणूवरून इथे आजवर दोनशेहून अधिक माणसांवर खटले चालले. त्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या निकालात आहे. लागण लपवून मिळवलेली संमती ही फसवून घेतलेली, म्हणून ती संमतीच नव्हे, असा त्याचा आशय. मग आरोप लागतो तो बहुधा गंभीर लैंगिक हल्ल्याचा. कमाल शिक्षा जन्मठेप. जोडीदाराला लागण झालीच पाहिजे, अशी अट नाही. 2012 मध्ये न्यायालयाने एवढीच सूट दिली की, कंडोम वापरला असेल आणि रक्तातला विषाणूभारही कमी असेल, तर सांगण्याची सक्ती नाही. दोन्ही हवे, एकावर भागत नाही.

2012 च्या या निकालाच्याच दिवशी न्यायालयाने निकाली काढलेला क्वेबेकचा दुसरा खटला अधिक बोलका आहे. आरोपी एक बाई होती. संबंध सुरू झाल्यावर काही काळाने तिने आपला आजार जोडीदाराला सांगितला. त्यानंतरही दोघे चार वर्षे एकत्र राहिले. शेवट मारहाणीत झाला आणि तिला व तिच्या मुलाला मारल्याबद्दल तो दोषी ठरला. मग त्याने तक्रार केली की, पहिल्या संबंधाआधी तिने सांगितले नव्हते. त्याला लागण झालेली नव्हती. खालच्या कोर्टाने तिला दोषी ठरवले, वरच्या कोर्टांनी सोडले. कायदा दुबळ्याच्या रक्षणासाठी केला, तरी तो बळजोराच्या हातातली काठी कसा होतो, ते इथे दिसते.

यावर आक्षेप येतो, तो रास्तच आहे: फसवल्या गेलेल्या माणसाने दाद कुठे मागायची? लागण माहीत असून खोटे बोलला, औषध घेतले नाही, काळजी घेतली नाही आणि दुसऱ्याला आजार दिला, अशा माणसाला शिक्षा व्हावीच. पण शिक्षा हेतूची आणि हानीची असावी, नुसत्या मौनाची नव्हे. नियमित औषधाने विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की संबंधांतून लागण होत नाही. युरोपातल्या 2019 च्या अभ्यासात 782 समलिंगी जोडप्यांमध्ये, कंडोमशिवायच्या सुमारे 76,000 संबंधांनंतर, अशी एकही लागण आढळली नाही. या अभ्यासाआधीच, औषधाने विषाणू दबला असेल तर लागण होत नाही हे मान्य करून, कॅनडाच्या महान्यायवाद्यांनी 2018 च्या डिसेंबरात अशा माणसांवर खटले न भरण्याचा निर्देश काढला. पण इथे फौजदारी कायदा केंद्राचा आणि खटले चालवणे बहुतेक प्रांतांकडे. त्यामुळे तो निर्देश उत्तरेकडच्या तीन प्रदेशांपुरताच बंधनकारक राहिला.

भारतातल्या वाचकाने याची तुलना घरच्या कायद्याशी करावी. 2018 च्या सप्टेंबरात लागू झालेल्या आपल्या एचआयव्ही कायद्याचे कलम 10 सांगते की, लागण झालेल्याने वाजवी काळजी घ्यावी. त्यासाठी धोका कमी करणारे उपाय करावेत किंवा आधी सांगावे. हा ‘किंवा’ कॅनडाला अजून नीट जमलेला नाही. शिवाय सांगितल्यास मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील, अशी रास्त भीती असलेल्या बाईला त्यातून सूट आहे. ही सूट कागदी नाही. आपल्याकडे गरोदरपणात तपासणी होते, म्हणून घरातला पहिला रिपोर्ट पुष्कळदा सुनेचा येतो. लागण नवऱ्याकडून आली असली, तरी ‘माहीत असणारी’ तीच ठरते, आणि ठपकाही तिच्यावरच. नुसते ठाऊक असण्यालाच गुन्हा मानले, तर सापडेल ती तीच. तपासणी टाळणारा नवरा मोकळा.

तरी निष्काळजीपणे किंवा जाणूनबुजून रोग पसरवण्याची जुन्या दंड संहितेतली 269 व 270 ही कलमे भारतीय न्याय संहितेत 271 व 272 म्हणून कायम आहेत. ती वापरताना पोलिसांनी आधी हेतू, हानी आणि औषधाचा कागद पाहावा. जबाबदारी दोघांची असते. ती तपासणीपासून सुरू होते. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत आहे, औषधही मोफत आहे. रिपोर्ट घ्यायला जाणाऱ्याला ठाण्याची भीती वाटू नये, एवढे कायद्याने पाहावे.