देवदाराचा हंगाम

पाऊस म्हटले की आपल्या मनात जून येतो. पेरणी, धरणांचा साठा, सगळ्या वर्षाचा हिशेब आपण मृगापासून मांडतो. पश्चिम हिमालयातल्या देवदाराचे वर्ष मात्र त्याआधीच बरेचसे ठरून गेलेले असते. मार्च ते मे या तीन महिन्यांत ऊन किती तापले आणि ओल किती मिळाली, यावर त्या वर्षी खोड किती भरणार हे मुख्यतः अवलंबून असते. जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसाचा वाटा त्यामानाने लहान.

साल आणि लाकूड यांच्यामध्ये जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. थंडी ओसरून पारा साधारण 5 अंशांच्या वर टिकू लागला की तो जागा होतो आणि आतल्या बाजूला नवे लाकूड रचू लागतो. सुरुवातीच्या पेशी रुंद, पातळ भिंतींच्या, म्हणून फिकट दिसतात. हंगाम सरताना तयार होणाऱ्या अरुंद, जाड भिंतींच्या आणि गडद. ही फिकट-गडद जोडी म्हणजे एका वर्षाचे वलय. पेशी रुंद व्हायची तर तिच्या आत पाण्याचा दाब हवा. कोरड्या, तापलेल्या एप्रिलमध्ये माती सुकते, पानांची रंध्रे मिटतात, हा दाब उतरतो आणि पेशी जन्मल्या तरी फुगत नाहीत. पावसाळ्यात ओल मुबलक असते, तेव्हा चार सरी कमी-जास्त झाल्याने झाडाला फारसे बिघडत नाही. चणचण असते ती आधी. ती भरून काढतात हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, त्यांनी आणलेले बर्फ आणि वसंतातल्या तुरळक सरी. लाहौल आणि वरच्या किन्नौरसारख्या पर्जन्यछायेतल्या खोऱ्यांत तर मोसमी पाऊस नीट पोचतच नाही. तिथले जंगल बर्फावरच उभे आहे.

वसंताचे हे महत्त्व वलयांतून उलगडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे याची मला खंत वाटते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जी. बी. पंत, के. रूपाकुमार, एच. पी. बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयातल्या सूचिपर्णी झाडांची वलये वर्षानुवर्षे मोजली. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतही हेच काम जोमाने झाले. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढतात. झाड तोडावे लागत नाही. पण नुसती वलये मोजून भागत नाही. फार वाईट वर्षी एखाद्या बाजूला वलय पडतच नाही. म्हणून अनेक झाडांच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवून प्रत्येक वलयाला वर्ष द्यावे लागते. ही जुळवणी अमेरिकेत ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केली. अशा कामातून वसंतातल्या तापमानाचा आणि पावसाचा अंदाज मोजमापाच्या नोंदींपूर्वीच्या शतकांपर्यंत मागे नेता आला.

आता खरी मेख. मधल्या उंचीवर वसंतातली उष्णता देवदाराला मारक ठरते, पण हिमनद्यांजवळच्या उंच जंगलांत हिवाळ्याची ऊब वाढीला पोषक ठरलेली दिसते. बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये पश्चिम हिमालयातल्या उंचावरच्या झाडांविषयी हेच मांडले: अलीकडच्या दशकांत तिथली वलये रुंदावली आहेत आणि हा काळ तापमानवाढीचाच आहे. तिथे झाडाला अडवते ती थंडी, पाणी नव्हे. म्हणून ‘तापमान वाढले तर हिमालयातल्या जंगलाचे काय होईल’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारा लेख मी विश्वासाने वाचत नाही. एकाच डोंगराच्या पायथ्याचे आणि माथ्याचे उत्तर उलट असू शकते.

माथ्यावरच्या रुंद वलयांनी हुरळून जाऊ नये, असे मला वाटते. ऊब तिथे उपयोगी पडते ती बर्फाच्या पाण्याची जोड आहे तोवर. बर्फाऐवजी पाऊस पडू लागला किंवा बर्फ महिनाभर आधी वितळून वाहून गेले, तर मे महिन्यात मुळांपाशी काय उरेल? मग खालच्या उतारावर आज जी तहान आहे, ती वर सरकेल. शिवाय कांड्या काढल्या जातात त्या जगलेल्या, मोठ्या झाडांच्या. उथळ मुळांची दोन-तीन वर्षांची रोपे कोरड्या वसंतात करपली, तर त्यांची नोंद कुठल्याच वलयात राहत नाही. पायथ्यापासून वृक्षरेषेपर्यंत एकाच उतारावर मोठ्या झाडांच्या वलयांबरोबर या रोपांचीही दरवर्षी मोजदाद व्हायला हवी, आणि ती पावसाळा उलटल्यावर नव्हे, मे संपण्याआधी.