जुनी फोर-बाय-फोर घेताना : चार गाड्यांचा हिशेब

संयुक्त अरब अमिरातीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबात दोन-तीन वर्षांत कधीतरी फोर-बाय-फोर गाडीचा विषय निघतोच. एखादा मित्र सुट्टीच्या दिवशी हत्ता रस्त्यालगतच्या अल बदायरच्या तांबड्या टेकड्यांवर घेऊन जातो आणि परतताना मनात गाडीचा हिशेब सुरू होतो. नवी परवडत नाही, म्हणून नजर जुन्या बाजाराकडे वळते. २००९पासून मी अशा चार गाड्या बाळगल्या, चारही वापरलेल्या. प्रत्येकीने एक धडा दिला आणि त्याची फीही वसूल केली.

आरंभी एक गैरसमज दूर करायला हवा. उंच गाडी म्हणजे फोर-बाय-फोर नव्हे. महिंद्र कंपनीने १९४७मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून ‘जीप’ हा शब्द आपल्या तोंडी रुळला. परंतु आपल्याकडे वडाप म्हणून धावणाऱ्या कितीतरी जीपगाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांनाच मिळत असे. येथील बाजारातही अशा दिखाऊ उंच गाड्या भरपूर आहेत. वाळूत उतरायचे असेल तर चारही चाकांना जोर आणि ‘लो रेंज’ गिअर या दोन्ही गोष्टी असल्याची खात्री करावी. लो रेंजमध्ये वेग घटतो, पण चाकांवरचा जोर कित्येक पटींनी वाढतो; रुतलेली गाडी त्यामुळेच सावकाश बाहेर निघते.

पहिली गाडी दोन दारांची होती. मंदीत नोकरी गेलेला एक केरळी अभियंता महिनाअखेरीस मायदेशी परतणार होता. त्याने सोळा हजार दिरहम सांगितले. मी त्याची निकड ओळखून चौदा हजारांवर आणले. किल्लीबरोबर त्याने एक वही दिली. तेल कधी बदलले, कोणता भाग कधी बसवला, सारे तारखांसह लिहिलेले होते. त्या वहीचे मोल मला पुढे कळले.

या गाडीने टायरमधील हवेचे महत्त्व शिकवले. रस्त्यावर ३५ पौंडांच्या आसपास असणारी हवा वाळूत १५पर्यंत उतरवली की टायर पसरतो, वजन अधिक जागेवर विभागले जाते आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे. अन्यथा टायर तापून फुटण्याचा धोका असतो. तसेच जिथे पुढच्या-मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल नाही, अशा गाडीत कोरड्या रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून ठेवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. तो फरक सामावायला जागा नसल्याने सगळा ताण यंत्रणेवर येतो.

दुसरी गाडी २०१३मध्ये घेतली. इंजिन गोड चालत होते, वही मात्र नव्हती. सहा महिन्यांत टायमिंग बेल्ट तुटला. हा रबरी पट्टा इंजिनाच्या झडपा आणि पिस्टन यांची लय राखतो. तो तुटला की अनेक इंजिनांत दोन्ही एकमेकांवर आदळतात आणि वाकलेल्या झडपांसाठी इंजिन उघडावे लागते. बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असे गृहीत धरावे आणि तो खर्च किमतीतून वजा करावा.

तिसऱ्या गाडीचा धडा सर्वांत महाग पडला. काही गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतच असते. आतून तडा गेला की पाणी आणि तेल एकत्र होतात. तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागते, तोवर गिअरबॉक्सचे नुकसान झालेले असते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या निम्म्या किमतीवर गेला. खरेदीपूर्वी रेडिएटर आणि गिअरबॉक्स या दोन्हींतील द्रव पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे. मी ते केले नव्हते.

चौथी गाडी २०२४च्या उत्तरार्धात घेतली. त्या वर्षी १६ एप्रिलला येथे विक्रमी पाऊस कोसळला, हजारो गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊनपुसून बाजारात येणे स्वाभाविक होते. म्हणून मी प्रत्येक गाडीत सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून डाग पाहिले, गालिच्याखाली हात घातला, आसनांच्या स्क्रूंवरचा गंज तपासला. परदेशी लिलावातून आलेल्या अपघाती गाड्यांनाही हीच कसोटी लावावी. शक्यतो खाडी देशांसाठी बनवलेली गाडीच घ्यावी. तिची थंड ठेवण्याची यंत्रणा येथील उन्हाळा ध्यानात घेऊन दिलेली असते.

आणखी दोन गोष्टी. टायरवरील चार अंकी शिक्का वाचावा : २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. टायर पाच वर्षांहून जुने असतील तर मुलकियाच्या नूतनीकरणाआधीच्या तपासणीत गाडी अडते, आणि चार नव्या टायरांचा खर्च लहान नसतो. दुसरे, विम्याच्या पॉलिसीत वाळवंटातील अपघात धरलेला आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे.

तिसरी गाडी विकताना नुकताच आलेला एक तरुण पाहायला आला होता. पत्नी आणि लहान मुलगी सोबत होती. गिअरबॉक्स दुरुस्त होऊन गाडी व्यवस्थित धावत होती. न सांगितले असते तर त्याला कळलेही नसते. मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि ते पान उघडून दाखवले. त्याने अडीच हजार दिरहम कमी केले. मी ते मान्य केले. पहिल्या गाडीच्या वेळी त्या अभियंत्याकडून कमी करून घेतलेले दोन हजार मला त्या क्षणी आठवले होते. ते परत करण्याचा दुसरा मार्ग माझ्याकडे नव्हता. चौथ्या गाडीचीही वही मी पहिल्या दिवसापासून लिहीत आहे. येथे आपण सारेच कधी ना कधी परतणार आणि ही गाडी कुणाच्या तरी हाती सोपवणार. तेव्हा वही सोबत द्यायची आहे.