शिवारची वार्ता

पुराणांतील आकाशवाणीसंबंधीं एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती आकाशांतून येत असे खरी, पण बोलत असे ती ऐकणाराच्या घरचें. कंसाला जी वाणी ऐकूं आली, ती मथुरेच्या वाटेवर, नवपरिणीत बहिणीचा रथ तो स्वतः हांकीत असतां आली, आणि ती त्याच्याच कुळाविषयीं होती. आमच्या काळच्या आकाशवाणीची योग्यता ठरवितांना हीच कसोटी लावावी, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. हें मत बनण्यास माझ्याच हातून घडलेला एक प्रमाद कारण झाला. तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं, म्हणून हा लेख.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला खेड्यांतला शाळामास्तर. पुढें एका शास्त्रीबोवांपाशीं संस्कृताचें अध्ययन झालें. त्या बळावर आयुष्यभर मुलांचे शुद्धलेखनाचे कागद तपासले, आणि २०१८ सालीं निवृत्त झालों. घर एकत्र आहे. थोरले बंधु, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतों, शेती पाहतात. घरचा कारभार वहिनींच्या हातीं. रेडिओ आमच्या घरीं माझ्या लहानपणापासून. त्याचा परवाना तेव्हां पोस्टांतून काढावा लागे. १९७४ च्या जून महिन्याच्या ३० तारखेस आकाशवाणीवरून संस्कृतांत बातम्या सुरू झाल्या, तेव्हां वडिलांनीं पूजेंतली पळी ताम्हनांत ठेवून कान दिल्याचें मला अजून आठवतें. तेव्हांपासून माझ्या मनानें घेतलें कीं, आकाशवाणी म्हणजे शुद्ध वाणी. पुढील अनर्थाचें बीज तें हेंच.

या देशांत ध्वनिक्षेपणाचा व्यवस्थित आरंभ झाला तो मुंबईस. १९२७ च्या जुलै महिन्यांत २३ तारखेला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें एका खासगी कंपनीचें केंद्र तेथें उघडलें. तीन वर्षांतच कंपनी बुडाली, सरकारनें तें काम हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. ‘आकाशवाणी’ हें नांव मात्र दिल्लीचें नव्हे. म्हैसुरास एम. व्ही. गोपालस्वामी या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनीं १९३५ सालीं आपल्या राहत्या घरांत एक लहानसें केंद्र चालू केलें, त्याचें तें नांव. सबंध देशाच्या प्रसारणास तें १९५७ सालीं लागलें. एका गृहस्थाच्या घरांतून निघणारा आवाज जेवढ्या गांवाला पुरेल तेवढ्याला पुरावा, ही त्या नांवामागची मूळ कल्पना. मोठ्या यंत्राच्या मागें लागतांना ती मागें पडली.

पुणें केंद्र १९५३ च्या गांधीजयंतीस सुरू झालें. त्यानंतर तीनच वर्षांनीं त्या केंद्रानें जो प्रयोग केला, त्याची आठवण आज महाराष्ट्रांत फार थोड्यांना असेल. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालत असत. त्या धर्तीवर युनेस्कोच्या साह्यानें १९५६ सालीं पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवांत अशीं मंडळें स्थापण्यांत आलीं. आठवड्यांतून दोन वेळां, सायंकाळीं, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई; असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. गांवकरी रेडिओभोंवतीं जमत, ऐकत, व मग रेडिओ बंद करून खऱ्या कामाला लागत. तें काम म्हणजे वादविवाद. उंदरांचा बंदोबस्त कसा करावा, खत कसें घालावें, सहकारी सोसायटी आपल्या गांवीं चालेल कीं नाहीं, यांवर भांडण व्हावें इतकी चर्चा होई, आणि मंडळाचे प्रश्न टपालानें पुण्यास जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हां असें आढळून आलें कीं, ज्या गांवांत मंडळें होतीं तेथील लोकांच्या माहितींत इतर गांवांपेक्षां स्पष्ट भर पडली होती. यंत्र तेंच, कार्यक्रम तोच. अंतर पडलें तें ऐकणारास बोलूं दिल्यामुळें. १९५९ सालीं ही योजना देशभर नेण्यांत आली, पण पुढें ती हळूहळू ओसरली.

शेतकरी रेडिओचें ऐकतो का, अशी शंका घेणाऱ्यांनीं तंजावराकडे पाहावें. भोसल्यांच्या त्या जुन्या राज्यांत १९६० नंतरच्या दशकांत भाताची एक नवी जात पसरली. शास्त्रज्ञांनीं तिला ‘ए. डी. टी. २७’ असें नांव दिलें होतें. शेतकऱ्यांनीं तिला ‘रेडिओचा तांदूळ’ म्हटलें, कारण तिची ओळख त्यांना त्रिचनापल्लीच्या केंद्रावरून झाली होती. ज्या मुखानें गोष्ट कळली, त्या मुखाचें नांव लोकांनीं धान्याला दिलें, यापरतें प्रशस्तिपत्र कोणतें?

खेळांचीहि गोष्ट अशीच. १९३४ सालीं मुंबईच्या चौरंगी सामन्यांत बॉबी तल्यारखान यांनीं एकट्यानें दिवसभर क्रिकेटचें वर्णन केलें, आणि मैदान घरांत आलें. तें इंग्रजींत होतें. पुढें बाळ ज. पंडित यांनीं मराठींत समालोचन करून तेंच मैदान माजघरापर्यंत नेलें. आमच्या आत्याबाईंना बॅट कशी धरतात हें ठाऊक नव्हतें, पण यष्टिरक्षक कोण व धावचीत म्हणजे काय, हें त्या चूल फुंकतां फुंकतां सांगत.

आणि लहान केंद्रांचा मार्ग मोकळा झाला तोहि एका क्रिकेटच्या भांडणांतूनच, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. १९९३ सालीं बंगालच्या क्रिकेट संघटनेनें एका स्पर्धेच्या चित्रप्रसारणाचे हक्क परदेशी कंपनीस दिले. सरकारनें हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १९९५ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ९ तारखेस निकाल झाला. न्यायमूर्ति पी. बी. सावंत हे त्या पीठावर होते. आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा उपयोग लोकांच्या हितासाठींच झाला पाहिजे, असें न्यायालयानें ठरविलें. पुढें शिक्षणसंस्थांना लहान केंद्रें काढण्याची परवानगी मिळाली, व त्यांतलें पहिलें केंद्र चेन्नईच्या अण्णा विद्यापीठांत १ फेब्रुवारी २००४ रोजीं सुरू झालें. २००६ च्या अखेरीस हा अधिकार सेवाभावी संस्था व कृषि विज्ञान केंद्रें यांनाहि देण्यांत आला. २००८ सालीं तेलंगणांत माचनूर येथें दलित स्त्रियांनीं चालविलेलें ‘संघम’ केंद्र निघालें. त्याच वर्षीं आपल्याकडे म्हसवडास ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली.

या केंद्रांचा आवांका लहान. क्षेपणाची शक्ति शंभर वॅट, मनोरा फार तर तीस मीटर, आवाज पोंचणार पांच ते दहा किलोमीटर. निदान अर्धे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानें, त्यांच्याच बोलींत तयार व्हावेत, असा नियम आहे. स्वतःच्या बातम्या देण्यास मात्र या केंद्रांना मनाई आहे. तेव्हां हीं केंद्रें काय सांगतात? आठवड्याच्या बाजारांत कांदा काय भावानें गेला, विजेची पाळी रात्रीची कीं दिवसाची, जत्रेच्या फडांत कोणत्या वाडीच्या पोरानें कुस्ती मारली, शाळेच्या खोखोच्या संघांत कोण निवडलें गेलें. सरकारच्या व्याख्येंत ही बातमी नव्हे. आमच्या घरीं मात्र पुतण्याच्या मुलीचें नांव खोखोच्या संघांत ऐकूं आलें त्या दिवशीं दिल्लीची बातमी कोणी ऐकली नाहीं.

आतां माझ्या प्रमादाकडे वळतों. आमच्या पंचक्रोशींत असेंच एक लहान केंद्र आहे. तेथें दर गुरुवारीं सायंकाळीं ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या एक शेतकरी बाई शिवाराची हकीकत सांगत असत. कोणाच्या विहिरीला किती पाणी आहे, कोणाच्या गाईला काय झालें, ज्वारीवर काय पडलें, असा तो कार्यक्रम. दादा तो न चुकतां ऐकत. मी मात्र तो ऐकतांना अस्वस्थ होत असें. ‘पाणी’चें ‘पानी’, ‘आणि’चें ‘आन्’, ‘सगळें’चें ‘समदं’! निवृत्त मनुष्याला वेळ फार असतो. २०१९ च्या उन्हाळ्यांत मीं तीन गुरुवारांचे कार्यक्रम ऐकून बाईंच्या एकतीस चुकांची यादी केली, प्रत्येकीपुढें शुद्ध रूप लिहिलें, आणि आकाशवाणीसारख्या पवित्र नांवाला हें शोभत नाहीं असा उपदेश जोडून तें पत्र केंद्राकडे पाठविलें. तें पत्र बाईंच्या हातीं पडलें. पुढच्या गुरुवारपासून त्या आल्या नाहींत. केंद्रानें त्या वेळेला गाणीं लावलीं. मला समाधान वाटलें, हें कबूल करतों.

त्या जुलैंत दादांनीं गुरांच्या वैरणीसाठीं तीन एकर मका केला. परदेशांतून आलेली नवी लष्करी अळी आदल्या वर्षीं, २०१८ सालीं, कर्नाटकांत प्रथम सांपडून मग महाराष्ट्रांत शिरली होती. तिची माहिती वर्तमानपत्रांत आली होती, मोठ्या केंद्रांनींहि दिली होती: डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटें काढल्यासारखी खूण, शेपटीकडे चौकोनांत चार काळे ठिपके. ज्ञान आमच्यापाशीं होतें. नव्हती ती एवढीच खबर कीं, ती अळी आज ओढ्यापर्यंत आली आहे. या किडीचें सारें गणित दिवसांचें. अंडीं दोन-तीन दिवसांत फुटतात; पिलें प्रथम पानें खरवडतात, तेव्हां पानांवर पांढरे चट्टे दिसतात; मग अळी पोंग्यांत शिरते, आणि एकदां आंत बसली कीं फवारा तिच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. दादांच्या दृष्टीस पडलें तें पोंग्यांतून बाहेर आलेल्या भुसकटासारख्या विष्ठेमुळें. तोंवर तिसरा हिस्सा पीक हातचें गेलें होतें.

मागाहून कळलें कीं, ओढ्यापलीकडे त्या बाईंना अळी आठ दिवस आधींच दिसली होती. त्यांनीं सकाळ-संध्याकाळ शेतांत फिरून अंड्यांचे पुंजके चुरडले, पोंग्यांत वाळू-माती घातली, लिंबोळीचा अर्क मारला, व बहुतेक पीक राखलें. वाडींतल्या शेजारणींना त्यांनीं सांगितलेंहि. आमच्यापर्यंत तें येण्याची वाट एकच होती, आणि ती मीं बुजविली होती.

घरांत मला कोणी बोललें नाहीं. वहिनी मात्र पानें वाढतांना एवढेंच म्हणाल्या, “भावजी, चुका काढायला तुम्हांला शाळा होती. ती बाई काय तुमची विद्यार्थिनी होती?” दादांनीं मान वर केली नाहीं. तें जेवण मला गेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी वाडीवर गेलों. बाईंनीं घोंगडी अंथरली, पाणी दिलें. माझें पत्र त्यांनीं देव्हाऱ्यामागें जपून ठेवलें होतें. मीं क्षमा मागितली, तेव्हां त्या हंसल्या नाहींत कीं रागावल्याहि नाहींत. म्हणाल्या, “गुरुजी, चुका झाल्या त्या समद्या लिवल्या तुम्ही. पर म्या जे सांगितलं ते खरं का खोटं, तेवढं न्हाई लिवलं.”

चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास याहून अचूक शेरा कोणी दिला नसेल. मीं केंद्राला दुसरें पत्र लिहिलें. त्यांत चुका माझ्या होत्या. बाईंनीं महिनाभर मनावर घेतलें नाहीं, मग एका गुरुवारीं त्यांचा आवाज पुन्हा आला. त्या पहिल्या दिवशीं त्या जपून, अडखळत, पुस्तकी बोलत होत्या, आणि तें ऐकतांना मला अधिकच ओशाळल्यासारखें झालें. दोन-तीन आठवड्यांनीं ‘समदं’ परत आलें, तेव्हां कोठें जिवांत जीव आला.

त्या रात्रीं मीं जुनीं पुस्तकें काढलीं. ‘वार्ता’ हा शब्द आपण बातमी या अर्थानें वापरतों. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मात्र वार्ता ही एक विद्या आहे, आणि कृषि, पशुपालन व वाणिज्य हे तिचे विषय आहेत. ज्या शब्दानें खबर सांगावयाची त्याच शब्दानें शेत, गुरें व बाजार! हा शब्द मीं आयुष्यभर शिकविला. त्याचा अर्थ मला एका निरक्षर समजलेल्या बाईनें शिकविला, आणि ती निरक्षरहि नव्हती.

मोठीं केंद्रें नकोत असें मी म्हणत नाहीं. २०२३ च्या जून महिन्यांत पुणें केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तें काम छत्रपति संभाजीनगराकडे सोंपविण्याचा निर्णय बाहेर आला, तेव्हां लोकांनीं हरकत घेतली व तो स्थगित झाला, हें योग्यच झालें. कारण न्याय तोच आहे. वाणी जितकी दूर सरते, तितकें तिचें आपल्याविषयींचें ज्ञान कमी होतें. पण वाणी जवळ ठेवण्याचें काम एकट्या सरकारचें नव्हे. आपल्या सुशिक्षित घरांतून दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. जवळपास असें केंद्र असेल तर सायंकाळचा अर्धा तास सर्वांनीं मिळून तें ऐकावें, व ऐकून झाल्यावर पुण्याच्या त्या जुन्या मंडळांप्रमाणें त्यावर बोलावें. आणि घरांत ज्याला कांहीं खरोखर ठाऊक आहे, मग ती लोणच्याला बुरशी कां येते हें जाणणारी आजी असो कीं गोठ्यांतला गडी असो, त्याला केंद्रावर पाठवावें, आणि तो परत आल्यावर त्याचे ‘न’ व ‘ण’ मोजूं नयेत.

आमच्या वहिनी गेल्या श्रावणांत गुरुवारीं त्या बाईंबरोबर बोलून आल्या. जातांना त्यांनीं मला विचारलें, “भावजी, कांहीं सांगायचं आहे का?” मीं नाहीं म्हटलें, आणि दादांच्या शेजारीं रेडिओपाशीं जाऊन बसलों.