बालकांची सुंता : पालकांनी ध्यानात घ्यावयाच्या काही गोष्टी

तान्ह्या मुलाच्या शिश्नाग्रावरील त्वचा मागे सरकत नाही, हे पाहून अनेक माता चिंतित होतात. नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरील रामाकोना असो वा विदर्भातील एखादे खेडे असो, अशा वेळी तेल लावून ती त्वचा बळाने मागे सारण्याचा सल्ला मिळण्याचा संभव असतो. तो हितावह नाही.

जन्मतः ही त्वचा आतील भागास चिकटलेलीच असते. ब्रिटिश वैद्यक डग्लस गेर्डनर यांनी १९४९ साली ही बाब सप्रमाण मांडली. डेन्मार्कमधील शाळकरी मुलांची तपासणी करून याकोब ओस्टर यांनी १९६८ साली दाखविले की, वयपरत्वे हा चिकटपणा आपोआप सुटतो. सतराव्या वर्षी सुमारे एक टक्का मुलांतच त्वचेचे तोंड अरुंद राहते. बळजबरीने मात्र त्वचा चिरते, व्रण होतो आणि तोंड खरोखरच आवळते.

या विकारास सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ म्हटले आहे. तुपाने माखलेली दुतोंडी नळी घालून दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करीत जावी, असा उपचार तेथे सांगितला आहे. आज डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे स्टिरॉइडयुक्त मलम लावल्यास पुष्कळ मुलांना शस्त्रक्रियेची गरज राहत नाही. पांढरट कठीण व्रण झाल्यास किंवा वारंवार दाह होत असल्यास सुंता करणे उचित ठरते. मागे सरकलेली त्वचा अडकून सूज आली, तर मात्र विनाविलंब रुग्णालय गाठावे.

मुस्लिम समाजात व कोकणातील बेने इस्रायल समाजात सुंता हा धार्मिक संस्कार आहे. बेने इस्रायलांत तो आठव्या दिवशी होतो. कारण धार्मिक असो वा वैद्यकीय, दक्षता एकच. कुटुंबात रक्त न गोठण्याचा विकार असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. नवजात बालकास ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळाले आहे काय, हे पाहावे. मूत्रमार्गाचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूस असल्यास सुंता मुळीच करू नये. कारण तो दोष दुरुस्त करताना शल्यचिकित्सकास हीच त्वचा उपयोगी पडते. शस्त्रक्रिया निर्जंतुक उपकरणांनी, योग्य भूल देऊन, प्रशिक्षित हातांनीच व्हावी. नंतर रक्तस्राव थांबत नसल्यास, लघवी तुंबल्यास किंवा ताप आल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

थोडा धीर आणि वेळीच घेतलेला सल्ला, यांनी बालकाची बरीच पीडा टळू शकेल.