यादृच्छिक संख्येचा खर्च : शीघ्र पॅकेट-वहनातील एक प्रश्न

प्रतिसेकंद १० गिगाबिट क्षमतेच्या इथरनेट जोडावरून लहानांत लहान, म्हणजे ६४ बाइटांची, पॅकेटे अखंड येऊ लागली, तर त्यांची संख्या सेकंदास सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार भरते. (प्रत्येक पॅकेटामागे तारेवर आणखी २० बाइटांची जागा जाते, ती या हिशेबात धरली आहे.) एकेका पॅकेटाच्या वाट्यास ६७.२ नॅनोसेकंद येतात, आणि ३ गिगाहर्ट्झने चालणाऱ्या प्रक्रियकाच्या एका गाभ्यास तेवढ्या अवधीत सुमारे २०० चक्रे मिळतात. शीर्ष वाचणे, मार्ग शोधणे, पॅकेट पुढे धाडणे, हे सर्व त्यांतच उरकावयाचे असते. अशा स्थितीत हजारांतून एक पॅकेट नमुन्यासाठी निवडावे एवढ्यासाठी प्रत्येक पॅकेटामागे एक यादृच्छिक संख्या काढणे कितपत परवडेल, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

संख्या घडविण्याचे गणितच महाग असावे, असा प्रथमदर्शनी समज होतो. तो बरोबर नाही. जॉर्ज मार्साग्लिया यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत तीन सरकविण्याच्या व तीन ‘एक्सॉर’ क्रिया पुरतात. खरा खर्च आडमार्गाने येतो. संख्याजनकाची अवस्था अनेक गाभ्यांनी सामाईक वापरली, तर ती साठविणारी कॅशेची ओळ प्रत्येक मागणीसरशी एका गाभ्याकडून दुसऱ्याकडे ओढली जाते. इंटेलच्या प्रक्रियकांत २०१२ सालापासून असलेली ‘आरडीरँड’ ही आज्ञा तर सर्व गाभ्यांच्या एकाच उगमाकडे धाव घेते. अनेक पिढ्यांच्या प्रक्रियकांत तिला शेकडो चक्रे लागतात. पॅकेटाचे सारे अंदाजपत्रक तेथेच संपते.

यावरचा उपाय जनक बदलण्याचा नसून प्रश्न बदलण्याचा आहे. ‘हे पॅकेट घ्यावे काय?’ असे दर वेळी विचारण्याऐवजी ‘आणखी किती पॅकेटे सोडावी?’ असे एकदाच विचारावे. स्वतंत्र निवडींमधील अंतर भूमितीय विभाजनाने बांधलेले असते. म्हणून एका यादृच्छिक संख्येच्या लॉगरिथमवरून ते अंतर काढून गणकात ठेवले आणि प्रत्येक पॅकेटाला त्यातून एक वजा केला, की काम भागते. येथे अचूकतेत कोणतीही तडजोड होत नाही. दोन्ही रीतींचे संभाव्यताशास्त्रीय फलित एकच आहे. मागण्या मात्र सेकंदास दीड कोटींच्या घरातून सुमारे १४,८८० वर येतात. प्रत्येक हजारावे पॅकेट घेणे याहूनही स्वस्त खरे, परंतु वाहतुकीतच ठराविक आवर्तन असल्यास तो नमुना फसवा ठरतो.

सॅली फ्लॉइड व व्हॅन जेकबसन यांच्या १९९३ सालच्या ‘रेड’ पद्धतीतही हा विचार आढळतो, पण थोड्या निराळ्या रूपात. तेथे रांगेच्या सरासरी लांबीबरोबर संभाव्यता बदलत असल्याने आधी काढलेले अंतर शिळे होते. म्हणून त्यांनी अंतर न साठविता यादृच्छिक संख्याच साठविली, आणि मागील खुणेपासून मोजलेल्या पॅकेटांशी तिची दर वेळी तुलना केली. त्यातून येणारे अंतर भूमितीय नसून एकविध विभाजनाचे असते. ते हेतुपुरस्सर आहे. भूमितीय अंतरात खुणा पुष्कळदा पाठोपाठ पडतात, आणि त्या टाळणे त्यांना इष्ट होते.

मागण्या विरळ झाल्याचा दुसरा लाभ सहसा ध्यानात घेतला जात नाही. कोणते पॅकेट निवडले जाईल हे शत्रूस ओळखता आले, तर तो आपली पॅकेटे नेमकी त्यातून वगळू शकतो. वेगवान जनक बहुधा रेषीय असतात आणि त्यांच्या थोड्या उत्पादनांवरून आतील अवस्था उकलता येते. अमित क्लाइन यांनी २०२० साली लिनक्समधील तत्कालीन शीघ्र जनकाबाबत हेच दाखवून दिले; पुढे २०२२ साली तेथील ही मागणी ‘चाचा२०’ या गुप्तलेखनाच्या रीतीवर आधारलेल्या जनकाकडे वळविण्यात आली. हजार पॅकेटांमागे एकच संख्या लागत असेल आणि तिला ४०० चक्रे पडत असतील, तर दर पॅकेटी भार अवघा ०.४ चक्राचा. एवढ्या खर्चात विश्वासार्ह संख्या मिळत असता दुबळी वापरण्याचे कारण उरत नाही.

जेथे प्रत्येक प्रसंगी नवी संख्या लागतेच, उदाहरणार्थ नव्या जोडणीचा पोर्ट-क्रमांक ठरविताना, तेथे ही युक्ती लागू पडत नाही. तेथे घाऊक उत्पादन करावे लागते : चाचा२० चा एक ठोकळा ६४ बाइटांचा, म्हणजे ३२ बिटांच्या सोळा संख्यांचा असतो, आणि प्रत्येक गाभ्याने असा साठा स्वतःपाशी ठेवून त्यातून एकेक संख्या काढीत जावे.