कराराबाहेरचा वाढदिवस
'साइनफेल्ड'मधल्या एका भागाची उकल

२ मे १९९१ च्या गुरुवारी रात्री अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर 'साइनफेल्ड' या मालिकेचा 'द डील' हा भाग दाखवला गेला. दुसऱ्या पर्वातला हा नववा भाग लॅरी डेव्हिड यांनी लिहिला होता आणि टॉम चेरोन्स यांनी दिग्दर्शित केला होता. जाहिराती वगळल्या तर जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा ऐवज. पण प्रेम संपल्यानंतर दोन माणसांमध्ये काय उरतं, या प्रश्नाचा इतका नेमका शोध दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकांनी क्वचितच घेतला असेल.

या भागाची मुळं एलेन बेनिस या पात्राच्या जन्मात आहेत. ५ जुलै १९८९ रोजी दाखवलेल्या पहिल्या प्रायोगिक भागात ती नव्हतीच. मालिकेत महत्त्वाची स्त्री-व्यक्तिरेखा हवी, असा आग्रह वाहिनीने धरला आणि ३१ मे १९९० च्या भागात ज्युलिया लुई-ड्रायफस एलेन होऊन आल्या. ही एलेन म्हणजे नायक जेरीची पूर्वीची प्रेयसी. दोघं वेगळी झालेली, पण जेवायला, भटकायला, एकमेकांची खेचायला मोकळी. या नात्यामागे खरी माणसं होती. मालिकेचे सहनिर्माते आणि जेरीची भूमिका करणारे जेरी साइनफेल्ड यांची विनोदकार कॅरल लायफर यांच्याशी प्रेमसंबंधानंतरही मैत्री टिकली होती. लॅरी डेव्हिड यांचं कादंबरीकार रिचर्ड येट्स यांची मुलगी मोनिका हिच्याशी तसंच नातं होतं. अनुभव हाताशी असल्यामुळे पूर्वीच्या प्रेमिकांची मैत्री त्यांना अपवादात्मक वाटली नाही. ती त्यांनी रोजच्या जगण्यासारखी लिहिली.

वाहिनीचं गणित वेगळं होतं. १९८२ साली सुरू झालेल्या 'चीअर्स' या मालिकेत सॅम आणि डायन यांचं जमणार की नाही, या प्रश्नाने अमेरिकन प्रेक्षकांना पाच वर्षं खिळवून ठेवलं होतं. नायक-नायिकेतली ओढ हा प्रेक्षक परत आणण्याचा सिद्ध झालेला मार्ग होता. साहजिकच, जेरी आणि एलेन यांना पुन्हा एकत्र आणा, असा दबाव आला. लेखकांचा कल मात्र उलटा होता. मिठ्या नकोत आणि पात्रांनी धडेही घ्यायचे नाहीत, हे मालिकेचं सूत्र प्रसिद्धच आहे. डेव्हिड यांनी मागणी मान्य केली आणि ती मान्य केल्यावर काय होतं, हेच कथेचा विषय केलं. एका स्त्रीबरोबर त्यांनी स्वतः कधीकाळी केलेला असाच करार त्यासाठी उपयोगी पडला.

भाग सुरू होतो तेव्हा जेरीच्या न्यूयॉर्कमधल्या घरात दोघं टीव्हीच्या वाहिन्या बदलत बसलेली असतात. मध्येच एका वाहिनीवर विवस्त्र बाई दिसते. तिथून बोलणं सरकत सरकत शरीरसंबंधांच्या आठवणींपाशी येतं. इथे लिखाणाची ताकद दिसते. दोघं हा विषय नाव न घेता बोलतात. मैत्रीला 'हे' म्हणतात आणि शय्येला 'ते'. 'हे' जपून 'ते'ही मिळवायचं, एवढाच प्रश्न उरतो. मग नियम ठरतात. दुसऱ्या दिवशी फोन करण्याचं बंधन नाही. रात्रभर थांबणं ऐच्छिक. निरोपाच्या चुंबनाचीही गरज नाही. दोन हुशार, समजूतदार माणसं शांतपणे वाटाघाटी करत आहेत आणि प्रत्येक कलमागणिक त्यांची उत्सुकता वाढते आहे, असा हा प्रसंग आहे. त्यात कुणीच कुणाला फसवत नाही, म्हणून तो खरा वाटतो.

जेरीचा मित्र जॉर्ज याला हे कळतं तेव्हा तो हादरतो. माणसं हजारो वर्षं हेच साधू पाहत आहेत आणि कुणालाच ते साधलेलं नाही, अशा अर्थाचं तो जेरीला ऐकवतो. पण करार नक्की कुठे फुटतो, हे जॉर्जलाही दिसत नाही. माझ्या मते या भागाचं मर्म तिथेच आहे.

नियम सगळे रात्रीचे होते. वाढदिवसाचा नियम कुणी केला नव्हता. एलेनचा वाढदिवस येतो आणि भेट काय द्यायची, या प्रश्नावर जेरी अडतो. भेट फार जिव्हाळ्याची दिली तर प्रेमाची कबुली ठरेल, फार साधी दिली तर अपमान होईल. शेवटी तो १८२ डॉलर रोख देतो. सोबतच्या शुभेच्छापत्रात तिला छान मुलगी, उत्तम दोस्त 'आणि आणखी काही' असं म्हणतो. एलेन दुखावते. पैसे तर काका-मामा देतात! त्याच वेळी शेजारचा क्रेमर तिला हवा असलेला बाक आणून देतो, सोबत मैत्रीचा गौरव करणाऱ्या कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्या ओळी. एलेनचे डोळे भरून येतात.

क्रेमरला तिच्याकडून काही नको आहे, म्हणून तिच्या मनातलं त्याला ऐकू येतं. जेरी मात्र आपली जबाबदारी किती, हे मोजत बसलेला असतो. १८२ हा आकडाच बोलका आहे. शंभर नाही, दोनशे नाही. कुणीतरी बसून हिशोब करावा तशी ती रक्कम आहे. शरीराची जवळीक नियमांत बसवता येईल कदाचित, पण भेट देताना समोरच्याचं आपल्या आयुष्यात काय स्थान आहे, हे सांगावंच लागतं. ते टाळण्यासाठीच तर करार केला होता. मग एलेन आपल्याला काय हवं ते स्पष्ट सांगते: 'हे', 'ते' आणि त्यापलीकडचं सगळं. शेवटच्या प्रसंगात दोघं जोडपं म्हणून दिसतात आणि जोडपं नव्हता तेव्हा तुम्ही मला जास्त आवडायचात, असं क्रेमर तोंडावर सांगतो.

दोन आठवड्यांनी, १६ मे रोजी, पुढचा भाग आला. त्यात दोघं पुन्हा फक्त मित्र होती. मधल्या काळात काय झालं, याचा कुठलाही खुलासा नव्हता. या भागाच्या लेखनासाठी डेव्हिड यांना एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं, पण मोठं धाडस त्या न दिलेल्या खुलाशात होतं. पुढे १८० भागांपर्यंत गेलेल्या या मालिकेने दोघांना पुन्हा एकत्र न आणण्याचा हा निर्णय शेवटपर्यंत पाळला. १४ मे १९९८ चा अखेरचा भाग अमेरिकेत सुमारे साडेसात कोटी लोकांनी पाहिला. त्यात विमान कोसळतंय असं वाटताना एलेन जेरीला काहीतरी सांगू लागते. प्रेक्षकांना प्रेमाची कबुली अपेक्षित असते. जीव वाचल्यावर पुढे कळतं की ती विमान कंपनीबद्दल बोलत होती.

'फ्रेंड्स' या मालिकेने रॉस आणि रेचल यांना २००४ साली एकत्र आणून निरोप घेतला आणि त्यातही आनंद होताच. पण पूर्वीच्या प्रेमिकांची मैत्री ही प्रेमाची प्रतीक्षागृहातली अवस्था नसून स्वतःच्या पायावर उभं असलेलं नातं आहे, हे मात्र 'साइनफेल्ड'ने दाखवलं. ते नातं नियमांनी टिकलं नाही. नियम मोडल्यावरही दोघं एकमेकांच्या घरी येत-जात राहिली, म्हणून टिकलं. २०२१ पासून ही मालिका नेटफ्लिक्सवर आपल्याकडेही पाहता येते. 'द डील' जरूर पाहा, आणि त्याला लागून पुढचा भागही पाहा. दोन्ही मिळूनच ती गोष्ट पूर्ण होते.